11:19 ते 11:41

सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात कार्ड आणि यूपीआयच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. अडकलेले पैसे परत मिळवून देणं एवढंच हे काम आहे, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ तक्रार कुठल्या खान्यातली आहे हे ठरवण्यात जातो. पैसे कापले गेले पण व्यवहार पुरा झाला नाही, हा एक खाना. व्यवहार ग्राहकानंच केला पण माल चुकीचा आला किंवा आलाच नाही, हा दुसरा. व्यवहार ग्राहकानं केलाच नाही, हा तिसरा.

पहिला खाना सोपा. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. यूपीआयनं एखाद्याला पाठवलेले पैसे मधेच अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला यूपीआयनं दिलेले किंवा ऑनलाइन खरेदीत कार्डानं भरलेले असतील तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. हे शाखांमधल्या अनेकांना ठाऊक नसतं आणि मला त्याचा संताप येतो.

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचं प्रकरण मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही खान्यांतलं होतं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. मजुरांची टोळी वेळेवर मिळेल याची खात्री नाही, म्हणून मुलानं मोबाइलवर जाहिरात बघून बॅटरीवर चालणारी छाटणीची कात्री मागवली. 21 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, चार्जर, पेटी, सगळं मिळून 7,499 रुपये. पैसे बँकेच्या व्हिसा डेबिट कार्डानं भरले. पार्सल आलं, मुलानं ओटीपी सांगितला, कुरिअरवाला गेला. खोक्यात निघालं हातानं चालवायचं साधं सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची साधी कात्री, तासगावच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात टांगलेलं असतं तसलं.

वेबसाइटवर फोन नंबर नव्हता. एक तक्रारीचा रकाना आणि एक चॅट, जे प्रत्येक प्रश्नाला ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ अपलोड करा’ एवढंच उत्तर द्यायचं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. या नियमांत व्हिडिओची अट कुठेही नाही, ती विक्रेत्यांनी स्वतःच्या सोयीनं घातलेली आहे. शेतात उभं राहून एका हातानं पार्सल घेणाऱ्या माणसानं दुसऱ्या हातानं चित्रीकरण करावं, ही अपेक्षाच मला लबाडीची वाटते.

नंबर नाही म्हणून मुलानं गूगलवर त्या साइटच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं. नंबर मिळाला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. ऑर्डर नंबर विचारला, माफी मागितली, ‘रिफंड फॉर्म’ म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. ती फाइल म्हणजे ॲप होतं. बसवताना त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि मुलानं ती दिली. फॉर्ममध्ये कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी कुणाला सांगायचा प्रश्नच उरला नाही. आलेला एसएमएस ते ॲप थेट पुढे पाठवत होतं.

11:12 ला 13,500 रुपये गेले, 11:31 ला 24,999.

बापलेक दोघेही कार्यालयात आले तेव्हा वडील म्हणाले, “मॅडम, कात्री गेली ती गेली. पण ही दुसरी भानगड कशी झाली ते अजून पोराला कळंना.” मुलगा मान खाली घालून बसला होता. शेजाऱ्यांनी त्याला ऐकवलं होतं की पार्सल आल्यावर रोख पैसे दिले असते तर हे झालं नसतं. मी त्याला सांगितलं, रोख दिले असते तर कात्रीचेही गेले असते. पार्सल आल्यावर रोख द्यायची पद्धत गावाकडे सर्वांत सुरक्षित समजतात. खोकं उघडण्याआधी पैसे कुरिअरवाल्याच्या पिशवीत गेले की बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. कार्डानं भरलेल्या पैशांवर टाकता येतो.

तो हात म्हणजे चार्जबॅक, ग्राहकाच्या बँकेनं कार्डाच्या यंत्रणेतून विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागणं. त्यात कारणाचा कोड सगळं ठरवतो. शाखेनं फॉर्मवर ‘माल मिळाला नाही’ असं लिहून पाठवलं होतं. मागवलेली वस्तू आली नाही म्हणजे माल मिळाला नाही, हे बोलण्यात बरोबर आहे, चार्जबॅकमध्ये घातक. व्हिसाच्या नियमांत ‘माल मिळाला नाही’ हा 13.1 आणि ‘माल वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष’ हा 13.3. आपण 13.1 लावला की विक्रेता ओटीपीसह पोहोचल्याची नोंद पुढे करतो आणि प्रकरण तिथेच संपतं. म्हणून फॉर्म परत करून 13.3 साठी नव्यानं भरून घेतला.

13.3 ला पुरावे जास्त लागतात. विक्रेत्याशी मिटवायचा प्रयत्न केला आणि वस्तू परत द्यायची तयारी दाखवली, हे दिसावं लागतं. चॅटमधलं बोलणं नंतर गायब होतं, म्हणून मुलाकडून साइटवरच्या पत्त्यावर ईमेल करून घेतला: ऑर्डर क्रमांक, फोटो, ‘वस्तू परत द्यायला तयार आहे, पत्ता कळवा’. मग पंधरा दिवस थांबलो. वस्तू हाती आल्यापासून 120 दिवसांची मुदत असते, त्यामुळे घाई नव्हती. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आधीच घेतले होते, कारण असली पानं तक्रार सुरू झाली की बदलतात. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं आखूड नाव होतं. ते आणि ऑर्डरचा ईमेल रक्कम-तारखेनं जुळवून दाखवावे लागले.

सगळ्यात मोलाचा पुरावा मात्र खोक्यावर चिकटलेला होता. कुरिअरच्या लेबलवर वजन छापलेलं असतं. जाहिरातीत पेटीसह वजन 2.3 किलो. लेबलवर 0.45 किलो. दोन बॅटऱ्यांची कात्री अर्ध्या किलोत बसत नाही. म्हणजे खोकं वाटेत कुणी फोडलं नव्हतं, विक्रेत्याकडूनच एवढ्या वजनाचं निघालं होतं. व्हिडिओ नसला तरी हे लेबल बोलतं. लोक पहिल्यांदा फाडून टाकतात ते खोकंच. या वडिलांनी ते खताच्या पोत्यांवर जपून ठेवलं होतं.

विक्रेत्याच्या बँकेला उत्तरासाठी 30 दिवस असतात. उत्तर आलं नाही. 7,499 रुपये खात्यात कायम जमा झाले. दरम्यान कार्ड बंद केलेलं होतं, त्यामुळे आता काही मिळणार नाही असं शाखेनं त्यांना सांगून ठेवलं होतं. ते चूक आहे. कार्ड बंद असलं तरी पैसे त्याच खात्यात येतात.

आता राहिले 38,499. कात्रीचे पैसे परत आल्यावर शाखेत पेढे वाटून झाले, पण माझ्या डोक्यातून हा भाग जात नाही.

फसवणुकीच्या व्यवहारांत ग्राहकाचं दायित्व किती, हे सहकारी बँकांसाठी 14 डिसेंबर 2017 च्या परिपत्रकानं ठरवलेलं आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य भार. ग्राहकानं स्वतः कार्डाची गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर.

13,500 बद्दल माझं दुमत नाही. नियमाच्या शब्दांत ते ग्राहकाकडे जातात, मला कितीही वाईट वाटलं तरी. प्रश्न 24,999 चा आहे. मुलगा सांगत होता की पहिला एसएमएस दिसताच त्यानं आमच्या हेल्पलाइनला फोन लावला. आमच्या नोंदीत तक्रारीची वेळ 11:41, म्हणजे कार्ड प्रत्यक्षात बंद झालं ती. त्याच्या मोबाइलच्या कॉल यादीत पहिला फोन 11:19 चा. मी टेलिफोन यंत्रणेचा लॉग काढून मागितला. लगेच मिळाला नाही, कारण असला लॉग मागायची इथे पद्धतच नाही. मिळाला तेव्हा त्यात तो कॉल होता: 11:19 ला आला, मराठी, हिंदी, इंग्रजी निवडून झालं, खात्याविषयी की कार्डाविषयी ते निवडून झालं, मग रांगेत संगीत ऐकत राहिला आणि 11:34 ला तुटला. 11:36 ला त्यानं पुन्हा लावला, 11:41 ला कार्ड बंद झालं. 24,999 गेले 11:31 ला, तो आमच्याच लाइनवर असताना.

11:48 ला त्यानं 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, कळवलं. पैसे ज्या मोबाइल वॉलेटमध्ये गेले होते तिथपर्यंत सूचना पोहोचेतो दुसऱ्या रकमेतले 9,000 उरले होते, ते गोठवले गेले. ते ठरलेली प्रक्रिया पुरी झाल्यावर सुटतील. बाकीचे गिफ्ट व्हाउचर होऊन गेले. कार्ड आधी बंद करून मग 1930 लावणं बरोबरच होतं. फक्त आमच्या रांगेतली बावीस मिनिटं मधे आली.

अशा प्रकरणांवर निर्णय देणाऱ्या बँकेच्या समितीत सहकाऱ्यांचं म्हणणं असं की माणूस बोलला तेव्हाच तक्रार झाली, नुसता फोन वाजणं म्हणजे कळवणं नव्हे. मला हे पटत नाही. त्याच परिपत्रकात चोवीस तास तक्रार घेता येईल अशी सोय ठेवायला सांगितलं आहे, आणि ग्राहकाचा प्रतिसाद कधी मिळाला याची वेळ बँकेच्या यंत्रणेनं नोंदवायला सांगितलं आहे. यंत्रणेनं ती नोंदवली आहे, 11:19. ती तक्रारीच्या वहीत उतरवली नाही, हा दोष ग्राहकाचा कसा?

विक्रेत्यानं नंबर ठेवला नाही, म्हणून भामट्याचा नंबर समोर आला. आम्ही नंबर ठेवला, पण उचलला नाही. द्राक्षवाल्याच्या बाजूनं बघितलं तर दोन्हींत फरक काय, हे मी समितीला लेखी विचारलं आहे. टिपणासोबत लॉगची प्रत, कॉल यादीचा स्क्रीनशॉट आणि परिपत्रकाचा तो परिच्छेद जोडला आहे. 24,999 मधले गोठवलेले 9,000 सोडून 15,999 रुपये बँकेनं भरावेत आणि हेल्पलाइनवर भाषा विचारण्याआधी कार्ड बंद करायचा पर्याय यावा, या दोन मागण्या त्यात आहेत. दुसरी लगेच मान्य झाली. पहिलीवर निर्णय यायचा आहे. निर्णयाला तक्रारीपासून 90 दिवसांची मुदत असते, पण 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, हे बापलेकांना सांगून ठेवलं आहे, आणि तिथे लागणाऱ्या लॉगची प्रत मी त्यांना सही-शिक्क्यानिशी दिली आहे.