तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिस्केटला जास्तीचे पैसे मोजावेत का?

ऑस्टिनच्या आसपासच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाकडे नवा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस मंद शिजवायची भट्टी, आला, की पहिल्याच आठवड्यात मला फोन येतो. "ताई, ब्रिस्केट प्राइम घ्यायचं की चॉइस चालेल? आणि वाग्यूचे एवढे पैसे घेतात, ते वसूल होतात का?" मी मूळची वसईची, ख्रिस्ती घरातली. लग्नानंतर टेक्सासला आले आणि इथली बार्बेक्यूची विद्या मनापासून शिकले. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे, आणि मला तो आवडतोही.

उत्तर आधीच सांगते. (ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस. प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट या गोमांसाच्या इथल्या सरकारी प्रती, वरून खाली. वाग्यू हे जपानी वंशाच्या गुरांचं चरबीदार मांस.) प्राइम आणि चॉइसमधला फरक पौंडामागे डॉलर-दीड डॉलरचा असेल तर डोळे मिटून प्राइम घ्या. फरक त्याहून बराच मोठा असेल तर चांगलं निवडलेलं चॉइस घ्या. वाग्यू धुरी देण्यासाठी घेऊ नका. आणि सिलेक्ट स्वस्त दिसलं तरी स्मोकरसाठी उचलू नका. यामागची कारणं सांगायला मात्र थोडा वेळ लागेल.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा पुढचा भाग. मटणवाल्याकडे आपण सीना मागतो, साधारण तीच जागा. गुराला गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे अंगाचं निम्म्याहून जास्त वजन या छातीच्या स्नायूंवर पेललेलं असतं. जन्मभर राबलेला हा स्नायू. त्यात कोलॅजेनचं, म्हणजे स्नायू बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचं, जाळं दाट असतं आणि म्हणूनच तो झटपट भाजला तर चावता येत नाही. अख्खं ब्रिस्केट म्हणजे खरं तर दोन स्नायू एकावर एक: खालचा लांब, चपटा, कमी चरबीचा तो फ्लॅट, आणि त्याच्यावर एका टोकाला बसलेला जाड, चरबीदार तो पॉइंट. दोघांमध्ये चरबीचा थर. दोघांचे रेषेही वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून कापताना मध्ये तुकडा फिरवून घ्यावा लागतो. पैशांचा सगळा प्रश्न या दोघांतल्या एकट्या फ्लॅटचा आहे. हे लक्षात आलं की दुकानात गोंधळ होत नाही.

आता लेबलकडे वळू. अमेरिकेत मांसाची आरोग्यतपासणी सक्तीची आहे, पण प्रतवारी ऐच्छिक. कारखाना पैसे भरून सरकारी कृषी खात्याकडून ती करून घेतो. प्राइम, चॉइस, सिलेक्ट या वरच्या तीन पायऱ्या. तरुण जनावरांत ही पायरी ठरते ती मुख्यतः मार्बलिंगवर, म्हणजे स्नायूच्या आत विखुरलेल्या चरबीच्या पांढऱ्या धाग्यांवर. आणि हे मार्बलिंग बघतात कुठे? बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये धड कापतात आणि तिथे उघडा पडलेला पाठीचा स्नायू, म्हणजे रिबआय, बघतात. ब्रिस्केटकडे त्या वेळी कुणी पाहतही नाही.

मला वाटतं, विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. पॅकेटवरचं "प्राइम" हे त्या जनावराच्या पाठीबद्दलचं प्रमाणपत्र आहे. पाठीत चरबी चांगली भिनली असेल तर छातीतही असण्याची शक्यता जास्त, एवढंच त्यातून समजायचं. ती शक्यता विकत घेण्यासारखी नक्कीच आहे, पण हमी नाही. प्राइमच्या ढिगात कोरडे, पातळ फ्लॅट मी पाहिले आहेत आणि शेजारच्याच चॉइसच्या ढिगात त्याहून सुरेख तुकडा पडलेला पाहिला आहे.

शिवाय चॉइस ही पायरी फार रुंद आहे. तिच्या आत मार्बलिंगचे तीन थर येतात. तळचा थर जवळजवळ सिलेक्टला टेकलेला, वरचा प्राइमला टेकलेला, आणि लेबल दोघांचं एकच. १९७८पासून बाजारात असलेल्या सर्टिफाइड अँगस बीफ या छापाचा उपयोग इथे होतो, कारण त्यात चॉइसचे वरचे दोनच थर घेतात (त्यांचं प्राइमही वेगळं मिळतं). प्राइम आवाक्याबाहेर गेलं की मी तिकडे वळते. नुसतं "अँगस" लिहिलेल्या पॅकेटला मात्र हा अर्थ लागू होत नाही. ते जनावराच्या जातीबद्दल सांगतं, मार्बलिंगबद्दल नाही.

चरबीचे हे धागे विस्तवासमोर नेमकं काय काम करतात तेही बघा. स्मोकर २२५ ते २७५ अंश फॅरनहाइटवर चालतो. मांस आतून १६०च्या आसपास गेलं की कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ते ज्यामुळे, तेच हे जिलेटिन. मध्येच काही तास मांसाचं तापमान अडून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि घाम जसा अंग थंड ठेवतो तसं ते मांसाला थंड ठेवतं. अखेर १९५ ते २०५ अंशांपर्यंत, म्हणजे साधारण ९० ते ९६ सेल्सिअसपर्यंत नेलं की सुरी लोण्यातून जावी तशी जाते. पण तोवर स्नायूच्या तंतूंनी स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकलेलं असतं. तरीही घास ओलसर लागतो, तो या जिलेटिनमुळे आणि वितळलेल्या चरबीमुळे. पॉइंटमध्ये ही चरबी मुळातच भरपूर असते, त्यामुळे चॉइसचा पॉइंटही तोंडात विरघळतो. फ्लॅटमध्ये ती बेताचीच असते. तिथे प्राइमचे जास्तीचे धागे खरोखर कामी येतात. सिलेक्टच्या फ्लॅटमध्ये ते जवळजवळ नसतातच. बारा तासांनी हाती लाकूड येतं, आणि त्यावर कितीही रस ओतला तरी ते ओलं होत नाही.

म्हणजे तुमचा जास्तीचा डॉलर फ्लॅटसाठी खर्च होतो, पण मोजावा लागतो तो अख्ख्या तुकड्याच्या वजनावर. हिशेब मांडून बघा. चौदा पौंडांचं ब्रिस्केट घेतलं. साफ करताना दोन-तीन पौंड चरबी निघते, शिजताना पाणी आणि चरबी जाते, ताटात साधारण निम्मं, सात पौंड येतं. माणशी अर्धा पौंड धरलं तर चौदा जण जेवतात. पौंडामागे एक डॉलर फरक असेल तर जास्तीचे चौदा डॉलर, म्हणजे पाहुण्यामागे एक. रात्रभर जागून लाकूड घालणाऱ्या माणसाच्या कष्टांपुढे हा एक डॉलर काहीच नाही, म्हणून मी प्राइम घ्या म्हणते. तोच फरक पौंडामागे आठ डॉलर झाला की पाहुण्यामागे आठ डॉलर. वाग्यूचं गणित तिथे जाऊन बसतं.

वाग्यूचा मला राग नाही. जपानी वाग्यूचे पहिले बैल अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यात आले. आज इथे वाग्यू म्हणून विकलं जाणारं बरंचसं मांस अँगसशी संकर केलेल्या जनावरांचं असतं. त्याची चरबी कमी तापमानाला वितळते, आणि दोन मिनिटं तव्यावर धरलेल्या पातळ कापात ते सुख अतुलनीय असतं. पण ब्रिस्केटचा मऊपणा तासन् तास विरघळणाऱ्या कोलॅजेनमधून येतो, आणि ते काम साध्या गुरातही तितकंच होतं. वाग्यूचा फ्लॅट छान होतो, मान्य. पॉइंट मात्र इतका तुपकट होतो की दोन कापांनंतर माणूस हात आवरता घेतो. स्पर्धांमध्ये उतरणारे संघ वाग्यू घेतात ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. परीक्षक एखाद-दुसरा घास खातो आणि तेवढ्या घासात छाप पाडायची असते. आपल्याकडे मात्र माणसं पोटभर जेवायला येतात.

कुणी मला इतिहास ऐकवतात: ही विद्या गरिबीच्या मांसावर उभी राहिली, मग महाग मांस कशाला? मध्य टेक्सासमधल्या जर्मन आणि चेक खाटकांनी ती रुजवली हे खरंच आहे. लॉकहार्टचं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२चं, टेलरचं लुई म्युलर १९४९चं. खांद्याचं आणि इतर राठ मांस पोस्ट ओक या इथल्या ओकच्या लाकडाच्या धुरात शिजवून ही माणसं कागदावर विकत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण स्वस्त मांस ही त्यांची परिस्थिती होती, तत्त्व नव्हतं. ऑस्टिनमध्ये २००९ साली एका ट्रेलरमधून सुरू झालेल्या फ्रँकलिन बार्बेक्यूपुढे लांब रांगा लागतात आणि तिथे प्राइमच शिजतं. आज इथली बरीच नावाजलेली दुकानं प्राइमच शिजवतात. पूर्वी प्राइम मुख्यतः हॉटेलांकडे जायचं. दोन दशकांपूर्वी प्रतवारी झालेल्या शंभर पौंडांत ते दोन-तीन पौंड असे, आता दहाच्या आसपास असतं. म्हणूनच ते तुमच्या-माझ्या दुकानात आलं आणि दोन किमतींमधलं अंतर घटलं.

लेबलवर एवढं बोलले, पण दुकानात माझे हात आधी तुकड्यांवर जातात. अख्खं ब्रिस्केट मधोमध हातावर आडवं धरावं. दोन्ही टोकं खाली लवली पाहिजेत. फ्लॅट शेवटपर्यंत जाड हवा. टोकाला पातळ झालेला असेल तर तेवढा भाग जळणार आणि कापून टाकावा लागणार, मग तो प्राइमचा असो नाहीतर कशाचाही. चरबी पांढरी आणि घट्ट असावी, पण दोन स्नायूंमधला कडक गोळा फार मोठा नको, कारण त्याचे पैसे देऊन तो फेकायचाच असतो. बारा ते पंधरा पौंडांचा तुकडा घरच्या स्मोकरला सोयीचा. प्राइमचे सगळे तुकडे टोकाला पातळ निघाले आणि शेजारी जाडजूड फ्लॅटचं चॉइस असलं, तर मी चॉइस घेऊन येते.

आणि ज्याला एक पैसा लागत नाही पण ज्याचा परिणाम प्रतवारीहून मोठा, ते म्हणजे शिजल्यानंतर मुरू देणं. स्मोकरवरून काढलेलं ब्रिस्केट खाटकाच्या तपकिरी कागदात गुंडाळलेलं असतं. त्याची पहिली वाफ जाऊ द्यायची आणि मग १५० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये आठ-दहा तास ठेवायचं. चांगली दुकानं रात्रभर हेच करतात. ओव्हन तेवढा खाली येत नसेल तर टॉवेलात गुंडाळून, बर्फ न घातलेल्या आइसबॉक्समध्ये तीन-चार तास ठेवा. पाहुणे आले म्हणून स्मोकरवरून थेट पाटावर घेऊन कापलेलं प्राइम हे नीट मुरलेल्या चॉइसपुढे हरतं. प्राइमचे पैसे द्यायचे असतील तर या तासांचीही सोय आधी करून ठेवा.

मीठ आणि जाडसर मिरी, एवढंच मी वर लावते. बॉटल मसाला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतला बाटलीत भरून ठेवायचा तिखट मिश्र मसाला, चोळून बघू का, असं वसईचे माझेच लोक विचारतात. बारा तासांत मिरची आणि खडे मसाले करपून कडवट होतात, म्हणून नको. बॉटल मसाल्याची वेळ दुसऱ्या दिवशी येते. उरलेला फ्लॅट बारीक चिरून, कांदा परतून, मसाल्यात रस्सा करून पावाबरोबर खावा. अशा रश्श्यासाठीच ब्रिस्केट करणार असाल तर प्राइम घेऊ नका, चॉइस उत्तम.

मुंबईहून भाचरं विचारतात, तिकडे जमेल का? महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायदेशीर मिळतं ते म्हशी-रेड्यांचं मांस. त्यात स्नायूच्या आतली चरबी फार कमी असते आणि इथल्यासारखी मार्बलिंगची प्रतवारी दुकानात नसते. तिथे ही तुलनाच उभी राहत नाही. तो सीना कुकरमध्ये किंवा झाकणाच्या पातेल्यात, रसात मंद शिजवावा. कोरड्या धुरात त्याचं काही भलं होत नाही.

राहिला तो नवशिक्यांचा प्रश्न: पहिल्यांदा करतोय, तर स्वस्तावर हात बसवून घेऊ का? बहुतेक जण हो म्हणतात. मी नाही म्हणते. नवशिक्याचा विस्तव वरखाली होतो, फ्लॅट वीस मिनिटं जास्त राहतो, कापताना रेषा चुकते. हे सगळं प्राइमचा फ्लॅट बऱ्यापैकी सोसतो, तळच्या थरातलं चॉइस सोसत नाही. आणि पहिलंच ब्रिस्केट कोरडं निघालं की विस्तव चुकला की मांस, हे नवख्याला कळत नाही. म्हणून सुरुवातीची काही ब्रिस्केटं प्राइमचीच करा. तापमापकाशिवाय नुसत्या बोटाने दाबून फ्लॅट झाला की नाही हे कळायला लागलं, की मग चॉइसकडे या आणि वाचलेल्या पैशांचं चांगलं वाळलेलं पोस्ट ओक आणा.