वडापाव सँडविच आहे का, आणि 40 सेंमीचं लाटणं 20 सेंमीच्या डब्यात मावतं का?

वडापाव सँडविच नाही. निदान क्यूब रूल लावला तर नाहीच. इंटरनेटवर गाजलेला हा नियम पदार्थाला सहा बाजूंचा ठोकळा (क्यूब) धरतो आणि एवढंच विचारतो की त्या सहा बाजूंपैकी पिठूळ भाग नेमका कुठे आहे. फक्त खाली असेल तर टोस्ट. खाली आणि वर असेल तर सँडविच. खाली आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना असेल तर टाको. चार बाजूंनी गुंडाळलेला असेल तर सुशी, पाच बाजू बंद आणि वर उघडा असेल तर कीश (पिठाच्या वाटीत भाजलेला अंड्याचा फ्रेंच पदार्थ), सहाही बाजू बंद असतील तर कॅल्झोन (सारण भरून दुमडलेला, बंद पिझ्झा). पीठ नसेलच तर सॅलड.

आता गाडीवरचा पाव बघा. तो आरपार कापत नाहीत, एका कडेला जोडलेला ठेवतात. म्हणजे दोन तुकडे नाहीत, एकच तुकडा बिजागरीसारखा उघडलेला आहे. वडापाव टाको ठरतो. घाईत पाव पूर्ण कापला गेला, तर तोच वडा, तीच सुकी चटणी, पण पदार्थ सँडविच. शेवपुरी टोस्ट, पाणीपुरी कीश, भाजी भरून गुंडाळलेली पोळी सुशी. उकडीचा मोदक आणि पुरणपोळी एकाच खणात, कॅल्झोन. आणि वडा? बेसनात निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात, म्हणून बेसनाचं आवरण पिठूळ धरायला हरकत नाही. मग वडापाव म्हणजे टाकोत ठेवलेलं कॅल्झोन.

नियम सुसंगत आहे, पण माझ्या मते आपल्या स्वयंपाकघराला तो लागू पडत नाही. तो पदार्थ ताटात आल्यावर बघतो. मराठीत पदार्थाची जात त्याआधीच, करतानाच ठरते, आणि ती क्रियापदात दिसते. पोळी लाटतात, भाकरी थापतात, धिरडी आणि घावन घालतात, सांडगे तोडतात, भजी तेलात सोडतात. थालीपीठ आणि धिरडं यांची पिठं पुष्कळदा सारखी असतात, फरक पाण्याचा. पीठ बोटांनी थापता येईल इतकं घट्ट असेल तर थालीपीठ, पळीनं पसरेल इतकं सैल असेल तर धिरडं. थालीपीठ तव्यावर चिकटलं किंवा मधे कच्चं राहिलं की समजावं, मधली भोकं पाडली नाहीत किंवा त्यांत तेल सोडलं नाही.

वडा, वडी आणि भजी यांचा वादही असाच सुटतो. आकार हातानं दिला तर वडा, सुरीनं दिला तर वडी, तेलानं दिला तर भजी. बटाटावड्याचा गोळा हातावर वळतात, मेदूवडा हातावर थापून मधे भोक पाडतात, साबुदाणा वडा चपटा करतात, कोंबडीबरोबरचा मालवणी वडा तर दिसायला जाड पुरीसारखा, पण थापलेला. सगळे वडे. कोथिंबीर वडी वाफवून कापतात, अळूचा उंडा वाफवून कापतात, नारळाची वडी ताटात थापून कापतात, सुरळीची वडी गुंडाळून कापतात. गोड असो की तिखट, तळलेली असो की न तळलेली, सुरी लागली की वडी. कांदा भजी तेलात पडेल तसा आकार घेते. नियम मोडणारे आहेतच. मिरची भजीचा आकार मिरचीचाच असतो, आणि वाळवणातल्या मूगवड्यांना सुरी लागत नाही, त्या चिमटीनं तोडून उन्हात घालतात. तरीही दहातल्या आठ पदार्थांना पुरतो असा दुसरा नियम मला माहीत नाही.

उपवासाचं वर्गीकरण याहून निराळं, ते ना आकारावर ना वनस्पतिशास्त्रावर. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. खिचडीतला कसावा, बटाटा, हिरवी मिरची आणि शेंगदाणा ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. वरी तर सरळसरळ भरड धान्य, तरी चालते. इथे ठरवणारी गोष्ट रूढी आहे, आणि त्यात काही चूक नाही, फक्त ती रूढी आहे हे मान्य करून बोलावं.

कर लावायचा असला की हाच वाद न्यायालयात जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1893 मध्ये टोमॅटो भाजी ठरवला, कारण 1883 च्या कायद्यानं आयात भाजीवर 10 टक्के जकात होती. वनस्पतिशास्त्रात तो फळ आहे हे न्यायालयानं नाकारलं नाही. कायद्यातला शब्द लोक वापरतात त्या अर्थानं घ्यायचा, एवढंच म्हटलं. ब्रिटनमध्ये 1991 साली जाफा केक (संत्र्याची जेली आणि वर चॉकलेट असलेला, बिस्किटाएवढा खाऊ) हा केक की बिस्किट, यावर खल झाला. चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर कर, केकवर नाही. तिथे पुढे आलेली एक कसोटी मला फार आवडते: शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट सादळतं. जाफा केक कडक होतो. निकाल केकच्या बाजूनं लागला. आपल्याकडे 2020 मध्ये कर्नाटकातल्या प्राधिकरणानं पॅकबंद मलबार परोटा चपाती-रोटीच्या 5 टक्क्यांच्या गटात बसत नाही असं सांगून 18 टक्के जीएसटी लावला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवरचा कर शून्य झाला आणि प्रश्नच मिटला. परोटा मात्र तोच राहिला.

इथून प्रकाशाच्या वेगाकडे जायला एक सरळ वाट आहे, आणि तीही स्वयंपाकघरातूनच जाते. मायक्रोवेव्हमधली फिरती काच आणि तिच्याखालचं चाकांचं कडं काढा. मधल्या फिरत्या खुंटीवर एक खोलगट काचेची ताटली पालथी ठेवा, म्हणजे वरचं काही फिरणार नाही. त्यावर चॉकलेटच्या दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा, चांदीचा कागद पूर्ण काढून. पूर्ण शक्तीवर 15 ते 20 सेकंद चालवा आणि पहिले ओले, चकचकीत ठिपके दिसताक्षणी थांबवा. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण 6 सेंमी येतं. आतल्या लाटा प्रकाशाच्याच जातीच्या आणि त्याच वेगाच्या; त्या भिंतींवर आपटून परततात आणि एका जागी स्थिरावल्यासारख्या होतात. जोरदार जागा अर्ध्या तरंगलांबीवर येतात. म्हणून अंतर दुप्पट करा आणि भट्टीच्या मागच्या पट्टीवरच्या वारंवारितेनं, म्हणजे सेकंदाला किती लाटा त्या आकड्यानं, गुणा. ती बहुधा 2450 मेगाहर्ट्झ असते. 6.1 सेंमी गुणिले 2 गुणिले 2,45,00,00,000 म्हणजे सेकंदाला सुमारे 29 कोटी 89 लाख मीटर.

बिघडतं ते तीन ठिकाणी. काच फिरत राहिली तर ठिपके उमटतच नाहीत. पाच-दहा सेकंद जास्त झाले तर ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात आणि मध्य सापडत नाही. तिसरी अडचण खरी आहे: लाटा तिन्ही दिशांनी फिरत असल्यामुळे ठिपक्यांची जाळी वाकडीतिकडी येते, काही अंतरं 7 सेंमीच्याही पुढे जातात. चार-पाच जोड्या मोजून सरासरी घ्या. अर्ध्या सेंमीची चूक म्हणजे उत्तरात 8 टक्के फरक. उडदाचा पापड ठेवला तर एक भाग फुललेला आणि शेजारचा कच्चा, हे छान दिसतं, पण डाग मोठे असतात आणि पापड लहान, मोजमापाला चॉकलेटच बरं.

आता वादाचा मुद्दा. हा प्रयोग करून तुम्ही प्रकाशाचा वेग मोजला का? 1983 पूर्वी केला असता तर हो. त्या वर्षी मीटरची व्याख्याच बदलली: प्रकाश निर्वात पोकळीत 1/29,97,92,458 सेकंदात जेवढं अंतर कापतो तो एक मीटर. तेव्हापासून वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर हा मोजलेला आकडा राहिला नाही, तो ठरवलेला आकडा आहे. टोमॅटो भाजी ठरला तसाच. तुमच्या चॉकलेटनं आता तपासलं जातं ते पट्टीवरच्या खुणा आणि भट्टीच्या पाठीवरचा आकडा.

पण साम्य इथेच संपतं, आणि हे मला अगदी ठासून सांगावंसं वाटतं. आकडा आपण ठरवला, कारण मीटर आपला आहे. प्रत्येक निरीक्षकाला, तो कसाही पळत असला तरी, प्रकाशाचा तोच वेग मिळतो, हे आपण ठरवलेलं नाही. वडापावला सँडविच म्हटल्यानं कुठलाच प्रयोग फसत नाही. प्रकाशाचा वेग धावणाऱ्यासाठी बदलतो असं म्हटलं तर फसतो.

त्यातून निघणारं सगळ्यात सुंदर कोडं म्हणजे लाटणं आणि डबा. लाटणं 40 सेंमीचं. डबा 20 सेंमीचा, दोन्ही टोकांना झाकणं असलेला. लाटणं प्रकाशाच्या 0.866 पट वेगानं डब्यातून आरपार जातं आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार वेगानं जाणारी वस्तू बाजूला उभ्या माणसाला जाण्याच्या दिशेनं आखूड मोजता येते. या वेगाला लांबी बरोबर निम्मी होते, म्हणून डब्याशेजारी उभ्या माणसाला लाटणं 20 सेंमीचं मोजता येतं. एका क्षणी ते नेमकं आत असतं. त्या क्षणी दोन्ही झाकणं एकदम लागतात आणि लगेच उघडतात. लाटणं मावलं.

लाटण्यावर बसलेल्या मुंगीला विचारा. तिच्या दृष्टीनं लाटणं 40 सेंमीचंच आहे आणि समोरून येणारा डबाच निम्मा, 10 सेंमीचा झाला आहे. 40 सेंमीचं लाटणं 10 सेंमीच्या डब्यात कसं मावणार? बहुतेक जण इथे एकाची तरी बाजू खोटी ठरवू बघतात. दोघंही बरोबर आहेत. चूक ‘एकदम’ या शब्दात आहे.

मुंगीच्या घड्याळानं झाकणं एकदम लागतच नाहीत. पुढचं झाकण आधी लागतं आणि उघडतं, मागचं नंतर. मधला वेळ किती? एक नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाला 30 सेंमी जायला लागणारा वेळ. या डब्याच्या वेगानं एका नॅनोसेकंदात 26 सेंमी. सापेक्षतावादाच्या सूत्रानं दोन झाकणं लागण्यामधला वेळ 1.155 नॅनोसेकंद येतो. आता पडताळा: पुढचं झाकण लागतं तेव्हा 10 सेंमी लाटणं आत आणि 30 सेंमी मागे बाहेर आहे. 1.155 नॅनोसेकंदात डबा 30 सेंमी मागे सरकतो. मागचं टोक अगदी झाकणापाशी आत येतं, आणि तेव्हाच मागचं झाकण लागतं. दोघांचाही हिशेब सेंमीला सेंमी जुळतो.

हुशार वाचक पुढचा प्रश्न विचारतोच: पुढचं झाकण लागलं आणि उघडलंच नाही तर? मुंगीच्या मते लाटणं आपटून तिथेच थांबेल आणि मागचं टोक बाहेरच राहील ना? नाही. पुढचं टोक आपटल्याची बातमी मागच्या टोकाला पोचायला, प्रकाशाच्या वेगानं गेली तरी, 40 सेंमीसाठी 1.33 नॅनोसेकंद लागतात. मागचं झाकण 1.155 नॅनोसेकंदाला लागतं. मागचं टोक आत बंद झालेलं असतं, आणि पुढे काय झालं हे त्याला अजून कळलेलंही नसतं. नंतर लाटण्याचा चुरा होतो, पण आतच.

म्हणजे पूर्ण ताठ वस्तू असं काही नसतंच. चंद्रापर्यंत, 3,84,400 किलोमीटर लांब पोलादी सळई ठेवून या टोकाला ढकलली, तर त्या टोकाला लगेच हलणार नाही का? ढकलणं पोलादातून ध्वनीच्या वेगानं जातं, सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर. चंद्रावरचं टोक सुमारे 21 तासांनी हलेल. प्रकाश तिथे 1.28 सेकंदात पोचतो.

उलट, प्रकाशाहून वेगानं ‘जाणारं’ काहीतरी मात्र मनगटाच्या झटक्यात मिळतं. चंद्रावर लेझर रोखा आणि हात सेकंदाला 50 अंशांच्या वेगानं फिरवा. ठिपका 3,474 किलोमीटर व्यासाचा चंद्र साधारण शतांश सेकंदात ओलांडतो, म्हणजे सेकंदाला साडेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. नियम मोडला नाही, कारण ठिपका ही वस्तू आहे का, हा पुन्हा जातीचाच प्रश्न आहे. प्रत्येक क्षणी चंद्रावर नवा प्रकाश पडतो, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे काहीच गेलेलं नसतं.

गणपतीच्या आराशीतली पळत्या उजेडाची माळ घ्या. 10 सेंमी अंतरावर एक असे दिवे, आणि प्रत्येकाला आधीच वेळ लावून दिली: आधीच्यापेक्षा 0.2 नॅनोसेकंदानं उशिरा लाग. उजेड नॅनोसेकंदाला 50 सेंमी पळताना दिसेल, प्रकाशाहून वेगानं. आता प्रत्येक दिव्याला वेळ न देता सांगा, शेजारचा लागल्याचं तारेतून कळलं की मगच लाग. साध्या तारेतून खूण नॅनोसेकंदाला 20 सेंमीच्या आसपास जाते. माळ तीच, दिवे तेच, आणि उजेड लगेच प्रकाशाच्या मागे पडतो.