गोल आपले जास्त, कप त्यांचा

आपले ब्रिस्बेन लायन्स १३ गोल, कॉलिंगवुड १२. तरी ऑस्ट्रेलियन फुटबॉलची २०२३ ची ग्रँड फायनल ९०-८६ अशी हरलो! ऑफिसात उद्या सगळे विचारणार, म्हणून हिशोब इथेच मांडते.

मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेलेला चेंडू म्हणजे गोल, ६ गुण. उंच खांब आणि त्याच्या बाजूचा खांब यांच्या मधून गेला किंवा उंच खांबाला चाटून गेला, तर बिहाइंड, १ गुण. आपले बिहाइंड ८, त्यांचे १८. तिथेच गेली मॅच. नेम त्यांचा वाईट होता, पण चेंडू सतत आपल्याच टोकाला असला की एकेक गुण साचत जातोच.

शेवटी आपल्या डॅनिहरने गोल मारून फरक ४ वर आणला. आता बिहाइंड काय कामाचा, गोलच हवा. आपल्या नीलला फ्री किक मिळाली, पण आपल्याच बेलीने चेंडू उचलून पुढे मारला आणि अंपायरने अ‍ॅडव्हान्टेज दिला, म्हणजे खेळ तसाच चालू ठेवला. तो दिला की फ्री किक परत मिळत नाही. सगळे अंपायरवर तुटून पडलेत. माझ्या मते बेलीने क्षणभर थांबायला हवं होतं. अर्थात, सोफ्यावरून हे बोलणं सोपं आहे.

आणि त्यांच्या बॉबी हिलला ४ गोल कोणी मारू दिले, ते आधी सांगा!