आमची वाटचाल : मकरपुऱ्यातील प्रशिक्षण-प्रयोगशाळा

हाताला विद्या यावी म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले. पुढे १९६५ मध्ये शहराजवळ कोयलीची रिफायनरी सुरू झाली, नंदेसरीला रसायनांचे कारखाने आले; पण रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलाला कारखान्याच्या क्यूसी-लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासण्याच्या प्रयोगशाळेत, उभे राहण्याजोगे तयार करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ती आम्ही बडोद्यातल्याच मकरपुऱ्यात घेतली.

भांडवल म्हणजे एका कारखान्याने काढून टाकलेले एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र. त्याच्या पंपाचा दाब सतत वरखाली होई, त्यामुळे सील बदलणे आणि अडकलेली हवा काढणे मुलांना आपोआप येऊ लागले. मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारे द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. फॉस्फेट बफर (क्षार असलेले द्रावण) चालवल्यावर कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने धुवायचा आणि मगच मिथेनॉल वाढवायचे, नाहीतर क्षार आत साकळतात, हे आमच्याकडचे पहिले धडे.

मग जवळच एक वातानुकूलित क्लास निघाला. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी, पडद्यावर क्रोमॅटोग्रामची (यंत्र काढते त्या आलेखांची) चित्रे आणि शेवटी सोनेरी प्रमाणपत्र! ज्या महाविद्यालयाची मुले आम्ही वर्षानुवर्षे सवलतीत शिकवली, त्याने आपले सभागृह त्यांना दिले, आम्हाला साधे कळवलेही नाही. आमची तुकडी भरेना, भाडे थकले, यंत्राला गिऱ्हाईकही येऊन गेले.

त्या वेळी नंदेसरीतील एका औषध कारखान्याचे गुणवत्ता-प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोटाभाई म्हणतो, धावून आले. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराच्या हाती ते ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचनळी) देत आणि तो तिच्यावरचे माप वाचून कुठे लिहितो एवढेच पाहत. क्लासची मुले चिठोऱ्यावर लिहून नंतर वहीत उतरवत, आमची थेट वहीत लिहीत आणि चूक झाल्यास एकच रेघ मारून सही करीत. मोटाभाईंनी पुढच्या तुकडीची फी आगाऊ भरली आणि यंत्र जागेवर राहिले.

पालकांनी कोठेही फी भरण्यापूर्वी यंत्राची लॉगबुक (वापराची नोंदवही) मागून पाहावी. ती कोरी असेल तर यंत्र शोभेचे आहे.

यंदा त्याच महाविद्यालयाने आम्हाला सभागृहात व्याख्यानासाठी बोलावले. मुलांना मकरपुऱ्याला पाठवावे, असे आम्ही कळवले आहे.