गच्चीवरचा अँटेना

सुरुवातीचे दोन महिने मी खोलीत बसून नुसती खरखर ऐकली. टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या आरटीएल२८३२यू चिपचा डोंगल घेतला होता. संगणकाला लावला की तो साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा रेडिओ होतो. एफएम छान लागायचं. पण मला हवे होते डोक्यावरून जाणारे रशियाचे हवामान उपग्रह, मेटेऑर एम२-३ आणि एम२-४. ते जमिनीपासून सुमारे ८२० किलोमीटरवरून ढगांची चित्रं १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सोडत असतात, ज्याला हवी त्याने घ्यावीत. सोबत आलेला वीतभर अँटेना खिडकीत ठेवून ती मिळत नव्हती.

मी आधी चुकीचा खर्च केला. सिग्नल कमी आहे असं समजून एक अॅम्प्लिफायर आणला आणि डोंगलला लागूनच जोडला. एफएमची केंद्रं सगळीकडे पसरली, खरखर आणखी चढली. कारण उशिरा कळलं. घरातच एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मिळून इतका गोंगाट करतात, की सिग्नल वाढवला तर गोंगाटही तेवढाच वाढतो. एका रात्री मेन स्विच पाडून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, तेव्हा पडद्यावरची खरखरीची पातळी डोळ्यांदेखत खाली बसली. म्हणजे अँटेनालाच घराबाहेर जायला हवं होतं.

अमळनेरचं आमचं घर पुढून स्लॅबचं, मागून अजून धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. धाब्याच्या मातीत खिळा ठोकणं म्हणजे पावसाळ्यात गळतीला वाट करून देणं, म्हणून पाईप स्लॅबच्या कठड्याला क्लॅम्पने बांधायचं ठरलं. पण एप्रिल महिना. गच्चीवर आईच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या, आणि पाईप जिथे हवा होता नेमकी तिथेच खाट. "आठ दिवस थांब, माझ्या बिबड्या उतरू दे," आई म्हणाली. थांबलो, आणि त्या आठ दिवसांत अँटेना बनवला.

माळ्यावर दूरदर्शनच्या काळातला जुना अँटेना पडला होता. त्याच्या दोन अॅल्युमिनियम नळ्या कापल्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर. दोन्हींमध्ये १२० अंशांचा कोन ठेवून लाकडी पट्टीवर बसवल्या. हा आडवा 'व्ही'. तोंड उत्तर-दक्षिण, कारण हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात. आडव्या नळ्यांचा मोठा फायदा असा, की जमिनीवरून येणारे उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या लहरींचे, सिग्नल साधारण २० डेसिबलने (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप) दबतात. उपग्रहाचा सिग्नल गोल फिरत येतो, त्याचे मात्र ३ डेसिबलच जातात.

केबल डिशची, आरजी-६. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० चा; हे आकडे जुळले नाहीत तर सिग्नल वाया जातो, त्यामुळे मी घाबरत होतो. हिशेब केला तर त्या तफावतीने ०.२ डेसिबलसुद्धा जात नाहीत, आणि १८ मीटर केबलमध्ये या पट्ट्यात सव्वा डेसिबलच्या आसपास जातात. ज्याच्याकडे डिशची केबल पडून आहे, त्याने महागडी केबल आणू नये.

खरी काळजी जोडाची घ्यायला हवी होती. मी तांब्याची तार अॅल्युमिनियमला थेट स्क्रूने दाबली आणि वरून साधी काळी चिकटपट्टी गुंडाळली. वळवाची एक सर आली आणि तीन दिवसांत सिग्नल मेला. खोलून पाहिलं तर जोडावर पांढरी भुकटी, आणि केबलच्या जाळीत पाणी शिरून ती काळी पडलेली. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात. पुन्हा करताना मध्ये स्टीलचा वॉशर घातला, ग्रीस लावलं, स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली आणि केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जातं.

अर्थिंगसाठी शेजारच्या जिभाऊंना बोलावलं. ते वायरिंगची कामं करतात. वर बघून म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ?" सांगितल्यावर त्यांनी पाईपपासून जाड तार सरळ, वळसे न देता खाली आणली आणि घराच्या अर्थिंगला जोडली. तरी थेट वीज पडली तर डोंगल वाचत नाही. म्हणून गडगडाट दूर असतानाच केबल काढायची, हे मी घरात सगळ्यांना शिकवून ठेवलं आहे.

मेच्या शेवटी उपग्रहाची एक फेरी जवळजवळ डोक्यावरून होती. पडद्यावर १३७.९ मेगाहर्ट्झला सुमारे १२० किलोहर्ट्झ रुंदीचा उंचवटा हळूहळू वर आला आणि सॅटडम्प या सिग्नलचं चित्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओळी उतरू लागल्या. खंबातचं आखात ओळखू आलं, मग उकाईचा जलाशय, सातपुड्याची गडद रांग. अरबी समुद्रावर ढगांचे पांढरे पुंजके होते. आई पदराने हात पुसत मागे उभी राहिली. मी बोट ठेवून अमळनेर कुठे असेल ते दाखवलं. जिभाऊ तेवढ्यात आले, त्यांनी समुद्रावरच्या ढगांकडे बघत विचारलं, "पानी कधय पडी, ते सांग."

मला ते सांगता येत नव्हतं. पण पुढची फेरी किती वाजता आहे ते सांगितलं, आणि त्या वेळेला ते परत आले.