पंपिंग ५८ आणि गोळ्या चालूच

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज टू-डी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ५८ टक्के, म्हणजे नॉर्मल. जुलै २०२३ मध्ये हेच २५ होतं, तेव्हा शाळेचा एक जिना चढताना मधेच थांबायला लागायचं आणि रात्री तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपायचे. अँजिओग्राफी नॉर्मल आली, ब्लॉकेज एकही नाही, पण हार्ट फुगलंय आणि स्नायू कमजोर झालाय म्हणाले, कारण शेवटपर्यंत सापडलंच नाही. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी हे नाव मी तेव्हा कागदावर लिहून पाठ केलं होतं.

आता मी अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. मागच्या रविवारी मंगळाईच्या देवळाशी जाऊन टेकले आणि दम लागलेला नाही हे लक्षात आलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, आणि त्याच मिनिटाला परत तोच विचार, की एवढं सगळं व्यवस्थित आहे तर ह्या गोळ्या कशासाठी? सकाळी तीन, रात्री दोन. उठताना चक्कर येते, बीपी ९५च्या वर जात नाही, कुठे गेलं तरी आधी डबी भरायची. आईचं तर दर फोनला असतंच, "बरी झालीस ना गं, मग कशाला रोज ते पोटात ढकलतेस?" त्यातली एक गोळी शुगरवालेही घेतात, ती बघून वहिनीने विचारलं होतं तुम्हाला डायबेटिस कधी झाला. प्रत्येकाला समजावून सांगायचा खरंच कंटाळा येतो.

एक गोष्ट इथे लिहायलाच पाहिजे, कारण महिनाभर कोणालाच सांगितली नव्हती. भाऊबीजेला कराडला आईकडे गेले तेव्हा डबी घरी राहिली असं मी सगळ्यांना सांगितलं. राहिली नव्हती, मी मुद्दाम ठेवून गेले होते. चार दिवस गोळ्यांशिवाय राहून बघायचं होतं मला, की मी खरंच बरी आहे का. पहिले दोन दिवस मस्त गेले, चक्कर नाही, एकदम हलकं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी रात्री नुसतं पडल्या पडल्या छाती धडधडायला लागली, पल्स मोजला तर १०८, शेजारी लेक झोपलेली, आणि मी अंधारात तिच्याकडे बघत सकाळ व्हायची वाट बघत बसले. सकाळीच साताऱ्याची एसटी पकडली.

आज डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. म्हणाले मेटोप्रोलॉल, म्हणजे हृदयाचे ठोके हळू ठेवणारी गोळी, अशी एकदम तोडायची नसते, इतके दिवस दाबून धरलेला वेग उसळून वर येतो, त्यामुळे त्या धडधडीवरून आजार परत आला की नाही हे काहीच कळत नाही, धोका मात्र होता. मग त्यांनी लंडनच्या एका अभ्यासाचं सांगितलं, २०१८ चा, ट्रेड-एचएफ नावाचा. माझ्यासारखेच ५१ पेशंट, सगळ्यांचं पंपिंग नॉर्मल झालेलं, कोणालाच काही त्रास नाही. त्यातल्या २५ जणांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या तर सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला, आणि ज्यांच्या चालू ठेवल्या होत्या त्यांच्यात एकाचाही नाही. म्हणजे बऱ्याच जणांचा आजार गेलेला नसतो, गोळ्यांनी दबलेला असतो. त्या अभ्यासात कोणी दगावलं नाही हेही सांगितलं, मी विचारायच्या आधीच.

पण माझं मन त्या उरलेल्या १४ जणांपाशी अडकलं. मी त्यांच्यातली असेन तर? विचारलंच मी. तर म्हणाले, कोण ११ मधलं आणि कोण १४ मधलं हे आधी ओळखायची खात्रीची पद्धत अजून तरी नाही. घरी येईपर्यंत डोक्यात हेच चालू होतं. त्या तीन उशा आठवल्या. लेक तेव्हा पाचवीत होती आणि रात्री मधेच उठून माझा श्वास चालू आहे का बघायची, हे तिने मला नंतर सांगितलं.

तर गोळ्या चालू ठेवायच्या. हे मी ठरवलंय, डॉक्टरांनी लादलेलं नाही, त्यांनी तर पूर्ण वेळ देऊन माझं ऐकून घेतलं आणि जे बदलता येईल ते बदललंसुद्धा. लॅसिक्स, ती लघवीची गोळी, मागच्या वर्षीच सुटली होती. रक्तातलं पोटॅशियम जरा वर गेलंय म्हणून ते वाढवणारी स्पिरोनोलॅक्टोनची गोळी अर्धी केली, चक्करेसाठी एक गोळी सकाळची रात्री नेली. मला उगाच वाटत होतं की एकतर सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा, मधलं काही असतं हे विचारल्याशिवाय कळलंच नसतं.

ह्यांना भाऊबीजेचं आज सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आठवड्याची डबी घेतली आणि माझ्यासमोर बसून एकेक खण भरला, नवीन चिठ्ठी बघून, अर्धी गोळी नीट कापून.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, आई, त्या गोळ्या आहेत म्हणून मी बरी आहे. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग एक पाकीट इथे पण आणून ठेव, देवघराच्या खणात." पुढच्या रविवारी घेऊन जाणार आहे.