एकोणीस नावं आन् एक आकडा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. सिलॅबसमध्ये पहिलं महायुद्ध, वसाहतवाद, व्हिएतनाम सगळं आहे, पण नोट्स दिल्या की पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात आन् वर्षभरानं विचारलं तर डोकं खाजवतात. म्हणून शनिवारी दुपारी वरच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावून प्रोजेक्टरवर पिच्चर दाखवायला सुरू केलं. युद्धाचा पिच्चर असला की खोली भरती, कारण आमची निम्मी पोरं सैन्यभरतीवाली, पहाटे हायवेच्या कडेनं सोळाशे मीटर मारतात, भिजवलेले हरभरे खातात आन् तसेच घामाच्या बनियनवर शर्ट चढवून कॉलेजात येतात.

त्या शनिवारी ब्लॅक हॉक डाऊन लावला होता, रिडली स्कॉटचा, २००१ चा. सुरू करायच्या आधी प्रत्येकाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडं ज्यांचं नाव आपल्याला कळतंय ती माणसं लिहायची, उजवीकडं जी नुसती मरतात ती मोजायची. बाकी मी काही बोलले नाही. एवढंच सांगितलं की सोमालियात दुष्काळ आन् यादवी होती, तिथं अमेरिकन सैन्य गेलं, १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये मोगादिशूत एका टोळीप्रमुखाची माणसं पकडायला निघालेल्या तुकडीची दोन हेलिकॉप्टरं पडली आन् रात्रभर गल्ल्यांत लढाई झाली.

पहिल्या अर्ध्या तासात पोरं वहीत लिहित होती. मग हेलिकॉप्टर पडलं, फायरिंग सुरू झालं, आन् वह्या राहिल्या मांडीवर. मागच्या बाकावरून शिट्ट्या, टाळ्या. छतावरून गल्लीतून नुसते लोंढे येतात, बंदुका घेऊन, आन् पडतात, परत येतात, परत पडतात. उजवीकडच्या रकान्यात रेघोट्या मारता मारता एका पोरीनं शेवटी पेनच खाली ठेवला, एवढं मोजणं होईना म्हणली.

मग पिच्चर संपला आन् पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळी आल्या. या कारवाईत हजारावर सोमाली मेले, १९ अमेरिकन सैनिक गेले. आन् त्याच्या खाली त्या १९ जणांची नावं, एकेक.

लाईट लावायला मी उठले तर जिंतूरकडच्या तांड्यावरचा एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, दोनदा भरतीला जाऊन आलेला, बसल्या जागेवरून म्हणला, "मॅडम, त्या हजारातलं एकाचंबी नाव नाही का?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यानं वही दाखवली, डावीकडं बारा-पंधरा नावं, उजवीकडं रेघोट्यांची जाळी. मला जे लेक्चर देऊन सांगता आलं नसतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं, आन् मी ते तसंच फळ्यावर लिहिलं.

लगेच दुसरा उठला, हुशार आहे, वाद घालतो. "मॅडम, पिच्चर अमेरिकेनं काढला, मग ते त्यांच्याच माणसांचं सांगणार ना. सोमालियानं काढला तर ते त्यांचं सांगतील." बरोबर आहे म्हणलं, पण सोमालियाकडं पिच्चर काढायला हेलिकॉप्टर कुठंय? या पिच्चरमधली हेलिकॉप्टरं खऱ्या अमेरिकन लष्कराची, सैनिकबी त्यांनीच दिले, आन् शूटिंग मोरोक्कोत झालं. पेंटागॉनचं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं, यासाठी वेगळं ऑफिस आहे, तुम्ही स्क्रिप्ट पाठवायची, त्यांना पटली तर विमानं, जहाजं, तळ सगळं मिळतं, नाही पटली तर तुमचं तुम्ही बघा. १९८६ ला टॉप गन आला तेव्हा थेटरच्या बाहेर नेव्हीनं भरतीची टेबलं लावली होती. हे ऐकून भरतीवाली पोरं एकमेकांकडं बघायली.

आन् सोमालिया उपाशी का होता तेबी पिच्चरमध्ये येत नाही. एक तुकडा ब्रिटिशांचा, एक इटलीचा, स्वातंत्र्यानंतर सियाद बारे नावाचा लष्करशहा, त्याला आधी रशियानं शस्त्रं दिली आन् १९७७ नंतर रशियाशी फाटल्यावर अमेरिकेनं. पिच्चर सुरू होतो तेव्हा लोक आधीच भुकेले असतात, वेडेपिसे असतात, जणू जन्मापासूनच तसे. माझा खरा राग याच्यावर आहे. रक्त दाखवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, रक्त दाखवावंच, पण भांडण कुणी लावलं तेवढं कापून टाकायचं आन् मग आलेल्या सैनिकाची घालमेल दोन तास दाखवायची, याला मी युद्धविरोधी पिच्चर म्हणत नाही.

मग पोरांनीच विचारलं की युद्धाच्या विरोधातले म्हणून जे गाजले त्यांचं काय. मी अपोकॅलिप्स नाऊची गोष्ट सांगितली. १९७९ चा पिच्चर, व्हिएतनामवरचा, पेंटागॉननं मदत नाकारली, म्हणून दिग्दर्शक कपोलानं शूटिंग फिलिपिन्समध्ये केलं आन् हेलिकॉप्टरं तिथला हुकूमशहा मार्कोस याच्या लष्कराची भाड्यानं घेतली. तर शूटिंग चालू असताना ती हेलिकॉप्टरं मधूनच निघून जायची, कारण मार्कोसला त्याच्याच देशातल्या बंडखोरांवर ती वापरायची असायची. आन् तो फिलिपिन्स कोण, तर १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यातला मुलूख. एवढा गाजलेला पिच्चर, कॅमेरा बघावा तर डोळे दिपतात, पण त्यात व्हिएतनामी माणूस मनातलं बोलतोय असा एक सीन शोधून दाखवा. पुढं २००५ च्या जारहेडमध्ये असं दाखवलंय की आखाती युद्धावर जाणारे अमेरिकन मरीन सैनिक याच पिच्चरमधला हेलिकॉप्टरांनी गावावर हल्ला करायचा सीन बघून जल्लोष करतात. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाच्या भिंतीवर ५८ हजारांवर अमेरिकन नावं कोरलेली आहेत. व्हिएतनाम सरकारनं १९९५ ला आपला आकडा दिला, २० लाख नागरिक आन् ११ लाख लढणारे. एवढ्या नावांना भिंत किती लांब लागंल, असं एका पोरीनं विचारलं आन् खरंच वहीत भागाकार करायला बसली.

इथवर आलं तेव्हा मला इराकमधल्या बसऱ्याचं सांगायचंच होतं, कारण अमेरिका अमेरिका केलं की आपण बाहेरचे होतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी १३ लाखांच्या आसपास हिंदी माणसं नेली, ७० हजारांवर परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शेजारच्या इराणमधल्या अबादानचं तेल सांभाळायला पुणे डिव्हिजन पाठवली, त्यात मराठा पलटणी, आन् १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत कुत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात ती अडकली, उपासमार झाली, शेवटी शरण गेली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं, तर हैदराबादचे लान्सर्स, म्हणजे भालेवालं घोडदळ, पॅलेस्टाईनकडं गेले, दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांतला एक त्यांचा आहे. नंतर बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली, आन् साध्या हिंदी शिपायांचे पलटणीनुसार नुसते आकडे. या भेदभावाबद्दल युद्धातल्या मृतांच्या कबरी आन् स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं माफी मागितली २०२१ ला.

"म्हंजे आपणबी उजवीकडच्या रकान्यातच," तांड्यावरचा पोरगा म्हणला.

आमचे वॉचमन मामा तोवर दारात येऊन उभे होते. माजी सैनिक आहेत, पोरं त्यांना फार मानतात, रनिंगचं टायमिंगबी त्यांच्याकडूनच लावून घेतात. कुणीतरी विचारलं, मामा तुम्ही सांगा की. आधी नको नको म्हणले. मग एवढंच बोलले, "मी श्रीलंकेत होतो, शांतीसेनेत. जाफन्यात उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले. काही महिन्यांनी त्याच गल्लीतून गेलो तर बाया लेकरांना आत ओढून दारं लावायच्या. आपण वाईट करायला गेलो नव्हतो रे, पण त्या बाईला काय माहीत." १९८७ ला गेलेलं सैन्य १९९० ला परत आलं, आपले १,१०० च्या वर जवान तिथंच राहिले. हे आकडे मी सांगितले, मामांनी नाही. ते खाली बघत होते, आन् मग पाण्याची मोटर चालू आहे म्हणून गेले.

मला भीती होती तो प्रश्न त्यानंतर आलाच. "मग मॅडम आम्ही भरती होऊच नाही का?" या पोराच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे, सोयाबीनचा भाव त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत, धाकट्या बहिणीचं बारावीनंतरचं शिक्षण त्याच्या नोकरीवर अडलंय. अग्निवीर झाला तरी चार वर्षं, पुढं चारातला एक ठेवतात. त्याला मी कोणत्या तोंडानं जाऊ नको म्हणू. मी म्हणलं जा, पोटासाठी जाणाऱ्याला नावं ठेवायचा मला काहीच अधिकार नाही, तुझे सोळाशे मीटर चांगले निघू देत. पण कुत आन् बसऱ्याला गेले तेबी असेच दुष्काळी भागातले, कर्जातले होते, आन् त्यांना कुणी विचारलं नव्हतं की हे तेल कुणाचं. तू विचार. वर्दी अंगावर असली तरी समोरच्या गल्लीतल्या माणसाला नाव असतं एवढं डोक्यात राहू दे.

वेळ होता म्हणून शेवटी बॅटल ऑफ अल्जियर्सचा एक तुकडा दाखवला, पोंतेकोर्व्होचा, १९६६ चा. फ्रेंचांच्या विरुद्ध लढणाऱ्या तीन बाया बॉम्ब घेऊन निघतात तो. पिच्चर उघड उघड अल्जेरियाच्या बाजूचा आहे, लढ्यातलाच एक नेता त्यात कामबी करतो. तरी बॉम्ब ठेवायच्या आधी कॅमेरा कॅफेतल्या एकेका फ्रेंच चेहऱ्यावर थांबतो, त्यात आईस्क्रीम खाणारं एक लेकरूबी आहे. आन् नंतर दोन्ही बाजूंच्या प्रेतांवर एकच संगीत. टाळी पडली नाही. काळापांढरा, सबटायटलवाला पिच्चर, पण कुणी मोबाईलबी काढला नाही. हाच पिच्चर २००३ ला इराकमधलं बंड समोर असताना पेंटागॉननं आपल्याच अधिकाऱ्यांना दाखवला होता, अशा लढाईवर चर्चा करायला. म्हणून चांगला पिच्चर दाखवला की काम झालं असं मी धरत नाही, बघून झाल्यावर बोलावं लागतं.

जिन्यातून उतरताना त्या वाद घालणाऱ्यानं गाठलं. "मॅडम, ही रेघ आपल्या हिंदी पिच्चरलाबी मारायची का?" मारायची म्हणलं. पुढच्या शनिवारी बॉर्डर लावायला सांगितलाय, १९९७ चा, लोंगेवालाचा. संदेसे आते हैं सगळ्यांना पाठ आहे, पण अगदी शेवटी शत्रूला भाऊ म्हणणारं गाणं आहे ते खोलीत एकालाबी आठवेना. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले की हे जरा जपून, गावात चर्चा होईल. होऊ द्या म्हणलं. वह्या घेऊन या, असं पोरांना ग्रुपवर टाकलंय.